लाइट आली, म्हणजे उतरले

आमच्या सबस्टेशनच्या भिंतीवर एक जुना तक्ता आहे. कुठल्या तापमानाला विजेची तार किती लोंबेल, याचा. डाव्या रकान्यात अंश, उजव्या रकान्यात लोंबण्याचं माप. तक्ता पंचेचाळीस अंशांवर संपतो. छापणाऱ्यांना त्यापुढे गरज पडेल असं वाटलंच नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी नोकरीला लागले तेव्हा बेचाळीस अंश झाले की पेपरात पहिल्या पानावर बातमी यायची. आता सत्तेचाळीस झाले तरी पेपरवाल्यांना कंटाळा येतो. आमचे वरचे साहेब मात्र परिपत्रकात अजून 'असाधारण परिस्थिती' असंच लिहितात. दरवर्षी न चुकता येणाऱ्या गोष्टीला असाधारण म्हणायला वेगळीच विद्वत्ता लागते.

मी इथली ऑपरेटर. बाई आणि ऑपरेटर म्हटलं की लोकांना वाटतं, मी फोन उचलायला बसलेय. फोन उचलतेच, शिव्याही खाते, पण माझं खरं काम वेगळं. मोठ्या लाइनने आलेली वीज इथे उतरते आणि सहा फीडरमधून गावात जाते. एक फीडर म्हणजे गावाचा एक तुकडा. त्यातली घरं, दुकानं, पाण्याचा पंप, मोबाइलचा टॉवर, सगळं त्या एका लाइनवर. त्या सहा लाइनी चालू आणि बंद करणं माझ्या हातात. शिफ्टला मी एकटीच असते. पूर्वी दोघं असायचो. दुसऱ्या जागेची भरती विचाराधीन आहे आणि माझ्या निवृत्तीपर्यंत ती विचारातच राहील.

हे काम मला भाऊजींनी शिकवलं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लाइनमन. तीस वर्षं त्यांनी खांबांवर काढली. मला सगळे बाई म्हणतात, ते एकटेच मेहुणीबाई म्हणायचे, तेही साहेबांसमोर, मुद्दाम, मला लाज वाटावी म्हणून. पण परमिटचा विषय निघाला की त्यांची थट्टा बंद व्हायची.

परमिट हा एक साधा कागद असतो. लाइनमनने खांबावर चढण्याआधी सबस्टेशनमध्ये यायचं. मी लाइन बंद करायची, तिच्या स्विचच्या हँडलला कुलूप घालायचं, 'माणूस कामावर आहे' अशी लाल पाटी टांगायची आणि सही करून परमिट त्याच्या हातात द्यायचं. काम संपवून, खाली उतरून, त्याने तोच कागद भरून परत आणायचा. नाहीतर फोनवर स्वतःच्या आवाजात परमिटचा नंबर सांगून 'उतरलो, लाइन सोडा' म्हणायचं. तोवर लाइन मेलेली. ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. साहेबांचा शब्द चालत नाही, दुसऱ्या कुणाचा निरोप चालत नाही.

हा नियम पुस्तकात आधीपासूनच होता, पण आमच्या हाडात तो भिनला तो पैलवानामुळे. पैलवान म्हणजे भाऊजींचा पहिला जोडीदार. फोनवर कुणीतरी म्हणालं, "झालं असेल त्याचं एव्हाना," आणि तेव्हाच्या ऑपरेटरने लाइन सोडली. पैलवानाला खांबावरून भाऊजींनी उतरवलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं ताई सांगते. मी कामावर लागले त्या दिवशी त्यांनी मला त्या हँडलसमोर उभं केलं आणि म्हणाले, "इथे उभं असताना तू कुणाची मेहुणी नाहीस, कुणाची बहीण नाहीस. कागद हातात आला तर हात लाव, नाहीतर हात खिशात." मी म्हटलं, "मला खिसा नाही." ते म्हणाले, "मग शिवून घे."

ताईचा एक वेगळाच हिशेब होता. लग्न होऊन आली तेव्हापासून लाइट गेली की भाऊजी पायात बूट चढवून बाहेर पडायचे आणि ती जीव मुठीत धरून बसायची. मोबाइल नव्हते. कळायचा एकच मार्ग होता. दिवा लागला की ती म्हणायची, "लाइट आली, म्हणजे उतरले." आणि चहाचं आधण ठेवायची. इतरांच्या घरात लाइट आली की पंखा सुरू व्हायचा, ताईच्या घरात चहा. मी कितीदा तिला चिडवलं असेल, की अगं, लाइट दुसऱ्या कुणी दुरुस्त केली असेल, तुझे यजमान कुठेतरी गप्पा ठोकत असतील. ती म्हणायची, "असू देत. उतरले ना?" तीस वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नाही.

पुढे ताईची फुप्फुसं निकामी होत गेली. पिठाच्या गिरणीत वीस वर्षं काम केल्यावर छातीत काय काय साठतं ते डॉक्टरांनी आम्हाला फिल्म उजेडात धरून दाखवलं. आता ती ऑक्सिजनच्या मशीनवर असते. मशीन विजेवर चालतं. लाइट गेली तर इन्व्हर्टर, तो संपला तर कोपऱ्यात एक बाटली, साधारण तासाभराची. मशीन आलं त्या दिवशी भाऊजींनी इन्व्हर्टरच्या वायरी स्वतः जोडल्या आणि ताईला म्हणाले, "आता तुझा श्वास माझ्या खात्यात आला." ती हसली आणि तिला खोकला आला.

त्या दिवशी उष्णतेच्या लाटेचा नववा दिवस होता. उन्हाचं एक वेळ चालतं, रात्री गार झाल्या नाहीत की आमचं कंबरडं मोडतं. ट्रान्सफॉर्मर दिवसभर तापतो, रात्री निवतो, असा त्याचा धर्म. नऊ रात्री पारा चौतिसाच्या खाली आला नव्हता. लोक रात्रभर कूलर आणि एसी लावून बसलेले, त्यांनाही काय बोलणार. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल पहाटे चारला हात लावू नये इतकं गरम. तारा लोंबून झाडांवर टेकत होत्या, जोड जळत होते. रोज दोन-तीन फीडर पडायचे, भाऊजी आणि त्यांची माणसं एक उभा करायची तोवर दुसरा आडवा. इन्व्हर्टरही पुरते भरत नव्हते, कारण भरायला लाइट टिकायला हवी.

बारा वाजून पाच मिनिटांनी चार नंबरचा फीडर पडला. चार नंबर म्हणजे कालव्याच्या बाजूचा. ताईचं घर त्याच्यावर.

साडेबाराला भाऊजी आले. खात्याच्या गाडीतून एकटेच उतरले. चेहरा तांब्यासारखा झालेला, शर्टावर मिठाचे पांढरे डाग. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी उभ्या उभ्या संपवली.

"जोडीदार कुठाय?" मी विचारलं. खांबावर एकट्याने जायचं नाही, हाही नियमच आहे.

"कालपासून सलाइनवर आहे. चक्कर येऊन पडला. त्याला पलंगासकट नेऊ का खांबावर?"

मी हसले. ते हसू मला आता टोचतं.

"मग गाडीतल्या दोघांतला एक घ्या."

"ते दोघं दोन नंबरवर चाललेत. तिकडे खांबच वाकलाय, एकट्याचं काम नाही. माझा काय, जोड जळलाय एक कालव्याच्या वळणावर. पाऊण तास. गाडी मला सोडून पुढे जाईल, झालं की फोन करतो, येतील घ्यायला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिचा इन्व्हर्टर सकाळी अर्धाच भरला होता."

तेवढं बोलले आणि मी पेन उचललं. मी नाही म्हणायला हवं होतं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, सत्तेचाळीस अंशांत, एकटा. दुसरा कुणी लाइनमन असता तर मी म्हटलंही असतं, जोडीदार आणा मगच परमिट. पण ताई चार नंबरवर होती, आणि त्या हँडलसमोर मी बहीण झाले. परमिटवर जोडीदाराच्या नावाचा रकाना असतो. तिथे मी एक आडवी रेघ मारली. लाइन बंद केली, कुलूप घातलं, पाटी टांगली. बारा चाळीसला कागद त्यांच्या हातात दिला.

तो घडी करून खिशात घालताना त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. "मेहुणीबाई, याच्या खाली पेनाने चार ओळी वाढवा. आजचं माप मी घेऊन येतो."

पाऊण तास म्हणजे एक पंचवीस. एक पंचवीसला फोन आला नाही. दीडला मी टेबलावरच्या तारेच्या फोनवरून केला, तर रेकॉर्डमधली बाई बोलली, संपर्क क्षेत्राबाहेर. माझ्याच मोबाइलवर एकही दांडी नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या भागातला टॉवर चार नंबरवरच आहे. त्याच्या बॅटऱ्याही नऊ दिवस नीट भरल्या नव्हत्या. एरवी आठ तास चालणारा टॉवर त्या दिवशी एका तासात झोपला. म्हणजे भाऊजींचं काम झालं असलं तरी ते मला सांगू शकत नव्हते. आणि गाडीलाही बोलावू शकत नव्हते. मलाही दोन नंबरवरच्या दोघांना गाठता येत नव्हतं.

टेबलावरचा तारेचा जुना फोन तेवढा चालतो. तसाच एक भाऊजींच्या घरी आहे. लाइनमनला रात्री-अपरात्री बोलावता यावं म्हणून खात्याने दिलेला, नंतर काढायचं विसरले. पावणेदोनला तो वाजला. ताई.

"धाकटे, इन्व्हर्टर ओरडायला लागलाय."

"बाटली लाव. जमेल ना एकटीला?"

"लावली सुद्धा. हे आले का?"

तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "कागद नाही आला अजून. टॉवर बंद आहे, फोन लागत नाही."

बाटलीतली हवा नळीतून येताना फुसफुस होते, तेवढी ऐकू येत होती. मग म्हणाली, "मग तू लाइन सोडू नकोस."

"ताई, मी रुग्णवाहिकेला फोन करते."

"कर. पण लाइन सोडू नकोस. वरच असतील ते."

रुग्णवाहिकेचा नंबर तिसऱ्या वेळी लागला. पलीकडच्या मुलीचा आवाज बसला होता. उन्हाने पडलेली माणसं गावभर होती, गाड्या तीन. माझा नंबर अकरावा. मी तिच्यावर ओरडणार होते, पण दिवसभर तिच्यावर किती जण ओरडले असतील ते मला न सांगता कळलं. मीही तीच नोकरी करते.

दोन वाजून दहा मिनिटांनी साहेबांचा फोन. चार नंबरवर पाण्याचा पंप आहे, वरून विचारणा होतेय, बाई तुम्ही लाइन का अडवून बसलाय.

"परमिट परत आलं नाही, साहेब."

"अहो, दीड तास झाला. जोड बदलायला दीड तास लागतो का? उतरून सावलीत आडवा झाला असेल."

"असेल. आणि नसेल तर?"

"मी सांगतोय ना, सोडा."

"लेखी द्या, साहेब. माणूस खांबावर नाही असं लिहा आणि खाली सही करा. मी लगेच सोडते."

मग ते म्हणाले, "तुम्ही तुमच्या पातळीवर निर्णय घ्या," आणि फोन ठेवला. आमच्या खात्यात अंगावर आलं की सगळे निर्णय माझ्या पातळीवरचे होतात.

माझी पातळी काय होती सांगते. एका बाजूला माझ्या बहिणीची बाटली, तासाभराची, त्यातली पंचवीस मिनिटं गेलेली. दुसऱ्या बाजूला तिचाच नवरा, जो कदाचित तारेला हात लावून बसला असेल. तो उतरला असेल आणि मी लाइन सोडली नाही, तर ती जाईल. तो वर असेल आणि मी सोडली, तर तो जाईल. आणि मी खुर्चीतून उठून दोन किलोमीटरवर जाऊन बघूनही येऊ शकत नव्हते, कारण उरलेल्या पाच फीडरवर एक माणूस डोळ्यांत तेल घालून बसलेला असावा लागतो. मी हँडलजवळ जाऊन उभी राहिले, परत आले, परत गेले. पाटीवरची अक्षरं इतक्यांदा वाचली की त्यांचा अर्थच लागेनासा झाला. देवाचं नाव घ्यावं असं वाटलं, पण काय मागायचं ते ठरेना.

अडीचच्या सुमाराला फाटकाशी माणसं जमली. वीस-पंचवीस असतील. पाणी नाही, लाइट नाही, घरात म्हातारी माणसं तडफडतायत. खरंच होतं त्यांचं. सगळ्यांत पुढे पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, आडदांड माणूस, आवाज भोंग्यासारखा. पंप बंद म्हणून त्याचा टँकर रिकामा आणि लोक त्याच्या नावाने खडे फोडणार. तो मला म्हणाला, "बाई, आत पंख्याखाली बसून मजा बघता काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हो," मी म्हटलं, "मजाच बघतेय. माझा लाइनमन कालव्याच्या वळणावर खांबावर आहे की खाली, मला ठाऊक नाही. त्याची बायको घरी शेवटच्या बाटलीवर श्वास घेतेय, ती माझी बहीण आहे. बटण दाबलं तर तो मरेल, नाही दाबलं तर ती. तुम्ही या आत, दाबता का?"

ड्रायव्हरने डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. "कुठलं वळण?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने फक्त मान हलवली आणि टँकरकडे धावत गेला. तेवढा मोठा माणूस धावताना मी पहिल्यांदाच पाहिला.

मी ताईला फोन लावला. "काटा कुठे आहे?"

"मध्यावर," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा येत होता.

"ताई, नीट बघ."

"बघितला. मध्यावर आहे. तू... ह्यांचं बघ."

नंतरची पस्तीस मिनिटं मला आठवत नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल. मिनिट न् मिनिट आठवतं. घड्याळाचा काटा तीनवर आला, मग तीन पाच. मी दोनदा कुलपाची किल्ली बाहेर काढली. तीन सातला किल्ली कुलपात घातलीही होती. मी ते केलं असतं, आणखी पाच मिनिटांत केलंच असतं, हे कुणाला सांगितलेलं नाही, इथे सांगते.

तीन दहाला टँकर फाटकातून आत आला. ड्रायव्हर एकटाच उतरला. मी त्याच्या मागे बघत राहिले, दुसऱ्या बाजूचं दार कधी उघडतंय म्हणून. त्याने ते फडकं दोन्ही हातांत धरलं होतं. जवळ येऊन त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"वळणावर नव्हते," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की हा तोच माणूस का असं वाटलं. "अलीकडे, मोरीच्या कठड्याला टेकून बसले होते. इकडेच चालत येत होते. पट्टा, दोर, दांडा सगळं पिशवीत नीट भरलेलं. मला वाटलं दमून बसलेत. हाक मारली." त्याने फडक्याला पीळ दिला. "दवाखान्यात नेलं आधी. डॉक्टर म्हणाले, तासभर होऊन गेला. हा कागद हातात होता त्यांच्या. म्हटलं, तुमचा असेल."

मी कागद उघडला. भाऊजींचं अक्षर, मोठं आणि तिरकं. काम पूर्ण, वेळ एक वीस. माणूस व हत्यारं खाली. लाइन सोडण्यास हरकत नाही. खाली सही. जोडीदाराच्या रकान्यात माझी आडवी रेघ.

एक वीस. पाऊण तास म्हणाले होते, चाळीस मिनिटांत केलं. फोन लागेना म्हणून दोन किलोमीटर उन्हात चालत निघाले, कागद माझ्या हातात द्यायला. मी त्याशिवाय लाइन सोडणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तसं शिकवलं होतं.

रडायला वेळ नव्हता. मी ड्रायव्हरला विचारलं, काम चालू असताना तार जमिनीशी जोडून ठेवायला वर अडकवतात तो दांडा पिशवीत होता, नक्की? तारेवर काही लटकत नाही? तो म्हणाला, "वळणापर्यंत जाऊन वर बघून आलो, बाई. काही नाही." मी कुलूप काढलं, पाटी उतरवली, हँडलला हात लावला. आणि तेव्हाच मला ते आठवलं.

आता तिकडे दिवा लागणार. आणि ताई म्हणणार, उतरले.

हात थांबला. किती वेळ थांबला ते सांगता येणार नाही, फार नसेल. बाटलीचा काटा मध्यावर नाही हे मला माहीत होतं. मी हँडल फिरवलं. आयुष्यात मी इतकं मोठं खोटं कधी बोलले नाही, आणि तेही तोंड न उघडता.

फाटकाशी एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांनी टेबलावरचा जुना फोन वाजायला लागला. कोण आहे ते मला ठाऊक होतं. वाजून वाजून तो थांबला, मग परत वाजला. मी त्याच्यासमोर बसून राहिले.

चारचा ऑपरेटर साडेतीनलाच आला, कुणीतरी त्याला सांगितलं होतं. तो खुर्चीत बसला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा तुम्ही." ड्रायव्हरने मला टँकरमधून ताईच्या दारापर्यंत सोडलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंखा चालू होता, मशीन घुरघुरत होतं. ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती, नळी नाकाशी, ओठ अजून निळसर. कोपऱ्यातल्या बाटलीचा काटा शून्यावर टेकला होता. भाऊजींच्या खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल पसरलेला होता. बाजूच्या स्टुलावर कप, वर बशी झाकलेली. त्या अवस्थेत ती उठून ओट्यापर्यंत गेली होती.

"काय गं, फोन का उचलत नव्हतीस?" ती म्हणाली. बोलताना अजून धाप लागत होती, पण चेहरा निवांत होता. "मी तर घाबरूनच गेले होते आज. मग लाइट आली. म्हटलं, उतरले. कुठे राहिलेत? साहेबांकडे का?"

मी पलंगाच्या कडेला बसले. टँकरमधून येताना मी सगळी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

ती बोलत होती. चहात साखर घातलेली नाही, यांना किती लागते ते रोज बदलतं, आल्यावर घालू. मग बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"धाकटे," ती म्हणाली. "परमिट कोणी आणून दिलं?"

"टँकरवाल्याने."

तीस वर्षं ती लाइनमनची बायको होती. परमिट कोण परत करतं हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिने हात पुढे केला. मी कागद दिला. तिने उशाखालून चष्मा काढला, लावला, आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"एक वीस," ती म्हणाली.

"हो."

"एक वीसला उतरले होते."

"हो ताई. काम करून नीट उतरले होते."

"मग बरोबरच आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली. रडायला श्वास लागतो, आणि तिच्याकडे तो मशीन देईल तेवढाच होता. एक हुंदका आला की दुसऱ्यासाठी तिला थांबावं लागत होतं. मी तिला धरून बसले. मला तिला सांगायचं होतं की जोडीदाराच्या रकान्यात रेघ मी मारली. ते मी त्या दिवशी सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. ती कागद रोज काढून वाचते, तिला ती रेघ दिसत असेलच.

पावणेपाचला रुग्णवाहिकेच्या मुलीचा फोन आला, बसलेल्या आवाजात, की गाडी निघालीय, पंधरा मिनिटांत पोचेल. मी ताईचे कपडे पिशवीत भरायला घेतले. तेवढ्यात लाइट पुन्हा गेली. चार नंबर पडला होता. इन्व्हर्टर थोडा भरला होता, मशीन त्याच्यावर चालत राहिलं, गाडीही वाटेत होती, म्हणजे तिच्या जिवाला धोका नव्हता. फक्त पंखा मंद होत होत थांबला.

ताईने डोळे पुसले आणि सवयीने दाराकडे पाहिलं. बूट तिथे असतात. लाइट गेली की ते घालायला भाऊजी उठतात. मीही पाहिलं.